रवाळ तेल : कडाक्याच्या थंडीत डिझेल इंजिनाचे काय होते?

कढवलेले तूप बरणीत भरून बरणी गार पाण्यात ठेवली, तर ते गुळगुळीत थिजते. तीच बरणी ओट्याच्या कोपऱ्यात हळूहळू निवू दिली, तर तूप रवाळ होते. तूप तेच आणि शेवटी गाठलेले तापमानही तेच. फरक एवढाच, की एकदा ते भरभर निवले आणि एकदा सावकाश. स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही गोष्ट इंजिनाच्या तेलालाही लागू पडते. तिची पुरती दखल घ्यायला मात्र तेलाच्या धंद्याला १९८० साल उलटावे लागले, आणि तोवर बरीच इंजिने कामातून गेली होती.

या लेखाचा विषय ट्रक, बस, जनरेटर आणि खोदकामाची यंत्रे यांच्या अवजड डिझेल इंजिनांतले तेल हा आहे. कडाक्याच्या थंडीत त्याचे काय होते, ते आधी कसे ओळखतात, आणि डब्यावरच्या आकड्यावर कितपत विसंबावे, हे यात पाहायचे आहे. सगळ्या विवेचनाचे सार सुरुवातीलाच सांगतो. थंडीत जे इंजिन सुरूच होत नाही, ते बहुधा वाचते. जे सुरू होते, पण ज्याच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही, ते मरते. थंडीतल्या तेलाचे सगळे शास्त्र या दोन गोष्टींमधल्या फरकावर उभे आहे.

तेलाचा प्रवास

अवजड ट्रकच्या इंजिनाखालच्या चेंबरमध्ये तीस-चाळीस लिटर तेल असते. इंजिन बंद झाले की बहुतेक तेल तिथे उतरते. इंजिन फिरू लागले की पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि क्रँकच्या बेअरिंगांपासून वरच्या हेडपर्यंत आणि बाजूच्या टर्बोपर्यंत पोचवतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो पडदा असतो, तो केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. तो आहे तोवर धातूला धातू लागत नाही. टर्बोची दांडी मिनिटाला हजारो फेरे घेते, त्यामुळे तेलावाचून काही सेकंदही तिला महाग पडतात.

तेलाचा दाटपणा, ज्याला विज्ञानाच्या पुस्तकांत श्यानता म्हणतात, सेंटिपॉइज या एककात मोजतात. खोलीच्या तापमानाचे पाणी साधारण एक सेंटिपॉइज असते. आपल्याकडे ट्रकमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘१५डब्ल्यू-४०’ तेल चांगल्या तापलेल्या इंजिनात, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, जेमतेम दहा-बारा सेंटिपॉइज असते. तेच उणे २० अंशांवर सात हजारांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे पाचशे-सहाशे पट वाढ. सकाळी सेल्फ मारणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात रात्रीचेच इंजिन असते, पण त्याच्या पोटातले द्रव्य जणू दुसरेच झालेले असते.

डिझेल इंजिनाची अडचण यापुढेही जाते. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर इंधन पेटवायचे, हीच रीत. इंजिन पुरेशा वेगाने फिरले नाही, तर दाबलेल्या हवेची उष्णता थंडगार भिंतींत निघून जाते आणि इंधन पेटत नाही. त्यात थंडीने बॅटरीही लुळी पडते. उणे १८ अंशांच्या आसपास तिची ताकद निम्म्यावर येते. ज्या वेळी इंजिन फिरवायला सर्वांत जास्त जोर लागतो, नेमका त्याच वेळी जोर देणारा अशक्त असतो.

डब्यावरचा आकडा काय सांगतो

अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने तेलांची प्रतवारी १९११ मध्ये सुरू केली. ‘१५डब्ल्यू-४०’ यातला ‘डब्ल्यू’ वजनाचा आहे, असे अनेक गॅरेजांत सांगतात. तो प्रत्यक्षात ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा आहे. शेवटचा ४० हा आकडा तापलेल्या तेलाची प्रत सांगतो आणि ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतली.

ही थंडीतली प्रत ठरवायला एक चाचणी पुरत नाही. आज दोन घेतात, आणि त्या दोन निराळे प्रश्न विचारतात. पहिलीचा प्रश्न असा : या तेलात इंजिन फिरेल का? तीत तेल एका अरुंद फटीत वेगाने घुसळतात, कारण क्रँक फिरताना बेअरिंगात तेल तसेच घुसळले जाते. दुसरीचा प्रश्न असा : इंजिन फिरले, तर पंपाकडे तेल येईल का? चेंबरमधले तेल जाळीकडे आपल्याच वजनाने, सावकाश सरकत येते, म्हणून या चाचणीतही तेलाला अगदी हळू ढकलतात.

१५डब्ल्यू तेलाने पहिल्या चाचणीत उणे २० अंशांवर ७,००० सेंटिपॉइजच्या आत राहायचे असते आणि दुसरीत उणे २५ अंशांवर ६०,००० च्या आत. १०डब्ल्यू तेलाला दोन्हीकडे पाच अंश जास्त थंडी सोसावी लागते. ५डब्ल्यू तेलाला उणे ३० आणि उणे ३५, तर ०डब्ल्यू तेलाला उणे ३५ आणि उणे ४० अंश, आणि पहिल्या चाचणीत त्यांच्या मर्यादाही थोड्या अधिक कडक आहेत.

दुसरी चाचणी प्रत्येक वेळी पाच अंश जास्त थंडीत का घेतात? यामागे शहाणपण आहे. थंडी वाढत गेली, तर आधी इंजिन फिरायला नकार देईल आणि त्यानंतरच्या थंडीत तेल पंपाकडे यायला नकार देईल, असा तो क्रम राखलेला आहे. नकार आधी यावा. तो आला की ड्रायव्हर थांबतो, काहीतरी ऊब देतो, दुपारची वाट पाहतो. क्रम उलटा झाला, म्हणजे फिरायला मोकळे पण पंपाकडे न येणारे तेल इंजिनात असले, तर इंजिन आनंदाने सुरू होते आणि थोड्याच वेळात कोरड्या बेअरिंगवर घासू लागते.

मेण, रवा आणि कवडीचे दही

दाटपणा वाढणे एवढेच घडत असते, तर हिशेब सोपा होता. पण खनिज तेलात मेण असते. जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलातून इंजिनाचे तेल काढताना बरेचसे मेण वेगळे करतात, तरी सगळे निघत नाही आणि सगळे काढणे परवडतही नाही. थंडी वाढली की उरलेल्या मेणाचे बारीक पापुद्रे होतात. ते एकमेकांना धरू लागले की तेलात जाळे विणले जाते आणि त्या जाळ्यात उरलेले पातळ तेल अडकून बसते. तेल गोठलेले नसते, त्यातला बहुतेक भाग द्रवच असतो. तरीही ते वाहत नाही.

कवडीचे दही डोळ्यांसमोर आणा. त्यात डाव घालून एक घास काढला, तर डावाएवढा खड्डा तसाच राहतो, बाजूचे दही तो भरायला येत नाही. उलट मध कितीही दाट असला, तरी चमचाभर काढल्यावर खड्डा सावकाश का होईना बुजतो. मेणाचे जाळे बसलेले तेल दह्यासारखे वागते. पंप जाळीच्या तोंडाशी असलेले तेल ओढून घेतो, तिथे पोकळी होते, आजूबाजूचे तेल सरकत नाही आणि पंप हवा ओढू लागतो. चेंबर तेलाने भरलेले, तेल मोजायची पट्टीही ‘पूर्ण’ सांगते, आणि बेअरिंगांत मात्र थेंब नाही. मधासारखे नुसते दाट तेल पंपाला कमी मिळते. दह्यासारखे बसलेले तेल मिळतच नाही. थंडीत तेल पंपापर्यंत न पोचण्याच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि दुसरी जास्त घातक.

मेणाला जाळे विणू न देणारी रसायने १९३० च्या दशकात आली. ती मेण नाहीसे करत नाहीत. वाढत्या रव्याच्या कडांना चिकटून त्यांचा आकार बदलतात, म्हणजे ते एकमेकांत गुंतत नाहीत. अशी रसायने अगदी थोडी पुरतात, पण एका जातीच्या तेलाला लागू पडणारे रसायन दुसऱ्याला तितके लागू पडेलच असे नाही.

त्या काळापासून तेल किती थंडीपर्यंत वाहते हे ठरवायची सोपी चाचणी रूढ होती. काचेच्या नळकांड्यात तेल घालून ते गार करत न्यायचे, दर तीन अंशांनी नळकांडे कलते करून पाहायचे, आणि आडवे धरूनही पाच सेकंद तेल हलले नाही की थांबायचे. त्याच्या तीन अंश वरचे तापमान म्हणजे त्या तेलाचा ओघबिंदू. ही चाचणी साधी आणि लवकर होणारी आहे. तिची खोट तिच्या लवकर होण्यातच होती.

सू फॉल्स

अमेरिकेच्या उत्तर भागात, साउथ डकोटा राज्यात सू फॉल्स नावाचे शहर आहे. हिवाळ्यात तिथे शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरणे नवलाचे नाही. १९८०–८१ च्या हिवाळ्यात तिथे मोटारींची इंजिने बिघडू लागली. तेल पंपापर्यंत पोचत नव्हते. त्या भागाच्या मानाने ती थंडी काही विलक्षण नव्हती आणि तेले तेव्हाच्या प्रमाणांत बसणारी होती.

कारण थंडीच्या आकड्यात नव्हते, थंडी ज्या तऱ्हेने उतरली त्यात होते. तापमान सावकाश खाली आले आणि बराच वेळ खालीच रेंगाळले. प्रयोगशाळेत त्याहून भरभर गार केलेल्या तेलात मेणाचे असंख्य बारीक कण होतात. त्यांना वाढायला आणि एकमेकांना धरायला सवड मिळण्याआधीच भोवतालचे तेल दाट होते. उघड्यावर, रात्रभर उभ्या गाडीत मात्र त्यांना सवड मिळाली. रवा मोठा झाला, जाळे बसले.

यानंतर चाचणीच बदलली. आजची पंपाची चाचणी अशी होते : तेल आधी चांगले तापवून त्याची जुनी रचना पुसतात, मग ज्या तापमानांच्या पट्ट्यात मेण रवाळ होते त्यातून ते अगदी सावकाश खाली नेतात. हा प्रवास दोन दिवसांच्या आसपास चालतो. शेवटी तेलात बुडालेल्या एका फिरकीला गुंडाळलेल्या दोऱ्याला दहा ग्रॅमचे वजन टांगतात. तेवढ्याने फिरकी हलली, तर तेल दह्यासारखे बसलेले नाही. हललीच नाही, तर तेल नापास, मग त्याचा दाटपणा किती हा प्रश्नच उरत नाही. हलली, तर १५० ग्रॅमचे वजन लावून तिच्या वेगावरून दाटपणा काढतात. थिओडोर सेल्बी या अमेरिकी संशोधकाने वेगळी वाट धरली. तेल तासाला एक अंश या गतीने गार करत असतानाच त्याचा दाटपणा सतत मोजत राहायचे, म्हणजे जाळे नेमके कुठल्या तापमानाला बसू लागते ते आलेखावर दिसते.

सू फॉल्सची इंजिने मोटारींची होती, पण तो धडा अवजड डिझेल इंजिनांना जास्तच लागू आहे. मोठ्या इंजिनाचे लोखंड टनाच्या घरातले, त्यात तेल तीस-चाळीस लिटर. एवढा ऐवज संध्याकाळी बंद केला की सावकाशच निवतो. रवाळ तुपाला लागते तशी निवांत रात्र ट्रकचे इंजिन आपल्या तेलाला आपसूक देते.

काजळी

आतापर्यंत जे सांगितले ते डब्यातल्या नव्या तेलाविषयी. इंजिनात तेल नवे राहत नाही, आणि डिझेल इंजिनात ते फार लवकर काळे होते. डिझेल जळताना काजळी होते, तिचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतो. तिचे मूळ कण डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी पलीकडे बारीक असतात. तेलातली काही रसायने प्रत्येक कणाभोवती लपेटून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. तेल काळे दिसते ते बहुधा ही रसायने काम करत असल्यामुळे. पण त्यांची शक्ती संपत आली की कण एकत्र येतात, त्यांच्या साखळ्या होतात आणि तेल दाट होते. उभ्या इंजिनात, थंडीत, काजळीच्या या साखळ्याही मेणासारखेच जाळे धरू शकतात. शिवाय तापून तापून तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते, त्यानेही ते दाट होते.

२००० नंतर हा प्रश्न वाढला. धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवण्याची पद्धत अमेरिकेतल्या ट्रकमध्ये आली, आणि तिच्यामुळे तेलातली काजळी वाढली. २००२ मध्ये अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे, म्हणजे एपीआयचे, ‘सीआय-४’ हे मानक आले, त्यात याची दखल होती. तेल इंजिनात ७५ तास चालवायचे, ते काजळलेले तेल काढून उणे २० अंशांवर पंपाच्या चाचणीला बसवायचे, आणि त्याचा दाटपणा २५,००० सेंटिपॉइजच्या आत राहिला पाहिजे. नव्या तेलाला जो प्रश्न विचारतात, तोच वापरलेल्या तेलालाही विचारायला सुरुवात झाली, हे महत्त्वाचे. नंतरच्या मानकांतही तसा प्रश्न कायम आहे.

म्हणून ट्रकच्या तेलाच्या डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. ‘१५डब्ल्यू-४०’ ही प्रत नव्या तेलाविषयी बोलते. ‘सीआय-४’ किंवा २०१६ च्या अखेरीस आलेले ‘सीके-४’ ही अक्षरे वापरातल्या तेलाविषयीही बोलतात. पहिली गोष्ट वाचून दुसरी सोडली, तर हिवाळ्याचा अर्धाच हिशेब होतो.

निफाड आणि द्रास

महाराष्ट्रात राहणाऱ्या ट्रकमालकाला यातले काही भोगावे लागत नाही. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तरी हा सगळा मामला शून्याच्या आसपासचा. १५डब्ल्यू-४० ला तिथे मुळीच अडचण नाही. ट्रक मात्र एका राज्यात थांबत नाही. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री उणे १५ अंशांकडे झुकतात आणि द्रास त्याहूनही गार असते. तिथे १५डब्ल्यू-४० आपल्या मर्यादेच्या कडेवर येऊन उभे राहते, आणि तेल जुने असेल तर कडेपलीकडे. लेहच्या उंचीवर हवेचा दाबही समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांशच. त्यामुळे दाबून तापवायला हवाही कमी.

थंडीत ट्रक अडला की दोन कारणांची गल्लत होते. इंधन म्हणून भरलेल्या डिझेलमध्येही मेण असते आणि ते फिल्टरमध्ये अडकून इंधन तोडते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंश ओघबिंदूचे हिवाळी डिझेल आणले, ते या अडचणीवर. टाकीत हिवाळी डिझेल भरले म्हणजे चेंबरमधल्या तेलाची काळजी मिटली, असे मात्र नाही. एक मेण इंजिनाला उपाशी ठेवते, दुसरे त्याला कोरडे पाडते.

चेंबरखाली स्टोव्ह किंवा शेकोटी लावण्याची युक्ती जगभर जुनी आहे. १९४१–४२ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर अडकलेल्या जर्मन सैन्याने तेच केले. रशियाच्या टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला विजेच्या सेल्फखेरीज दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांची जोड होती, बॅटरी हरली तरी ते फिरवता येई. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत इंजिन बंद करण्याआधी तेलात थोडे पेट्रोल मिसळण्याची सोय असे. सकाळी इंजिन तापले की पेट्रोल उडून जाई आणि तेल पूर्ववत होई. ही युक्ती ट्रकवर रॉकेल किंवा डिझेल घालून करणे मात्र धोक्याचे. ती पेट्रोलइतक्या सहज उडून जात नाहीत, आणि तापलेल्या इंजिनात, चढावर, भरल्या गाडीत तेलाचा पडदा पातळच राहतो. उघड्या ज्योतीपेक्षा विजेचा हीटर बरा. कॅनडात गाड्या उभ्या करण्याच्या जागी त्यासाठी विजेचे प्लग ठेवलेले आढळतात.

खरा उपाय तेलातच आहे. मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या फुटतील अशी प्रक्रिया करून काढलेली तेले आणि पूर्णपणे कृत्रिम तेले थंडीत जाळे धरत नाहीत, निदान फार उशिरा धरतात. त्यांपासून ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० बनते. तापल्यावर ते १५डब्ल्यू-४० च्याच प्रतीचे असते, कारण मागचा आकडा तोच आहे. ‘पातळ तेल इंजिन खाईल’ ही गॅरेजातली भीती इथे अस्थानी आहे. महाग ते नक्कीच असते, म्हणून वर्षभर समुद्रसपाटीला फिरणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही.

उत्तरेकडे हिवाळ्यात जाणाऱ्याने जाण्याआधी तेल बदलावे, कारण ताजे तेल काजळलेल्या तेलापेक्षा थंडी कितीतरी बरी सोसते. इंजिनाच्या पुस्तिकेत त्या थंडीसाठी जी प्रत दिली असेल तीच भरावी. वाटेत लागले तर त्याच तेलाची भर घालावी. दुसरे तेल मिसळले म्हणून लगेच काही फाटत नाही, पण एका तेलासाठी बेतलेले मेणरोधक दुसऱ्यात कमी पडू शकते. इंजिन सुरू झाल्यावर लगेच पाय दाबू नये. आणि दाबाचा काटा वर गेला म्हणजे तेल सगळीकडे पोचले, असे समजू नये. दाट तेलाला वाट काढताना जो अडथळा होतो, त्यानेही काटा चढतो. त्याच वेळी फिल्टरची आडवाट उघडून तेल न गाळताच पुढे जात असते, आणि टर्बो अजून वाट पाहत असतो.

पहाटे सेल्फ मारला आणि इंजिन जडपणे एकदोन फेरे घेऊन थांबले, तर हट्टाने पुन्हापुन्हा सेल्फ मारू नये, की दुसऱ्या ट्रकने ओढून ते सुरू करू नये. चाचण्यांची आखणी करणाऱ्यांनी तो नकार मुद्दाम आधी ठेवला आहे. चेंबरला ऊब द्यावी, किंवा ऊन वर येईपर्यंत थांबावे.